शिनचोनचं बिऱ्हाड

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. बाकीचं नेहमीचंच, ते फोनवर सांगून झालंय. आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, रात्री एक वाजता मी ऑनलाइन दिसते. तिकडे तेव्हा साडेनऊ झालेले असतात, म्हणून तुला दिसते. तब्येत बिघडलेली नाही, लॅबमध्ये भांडण नाही, कोणी भेटलेलंही नाही. मी सिरियल बघत असते. तू रोज तीन बघतेस, मी एक.

‘रिप्लाय १९९४’ तिचं नाव. इथल्या टीव्हीएन वाहिनीवर २०१३ मध्ये लागली होती, २१ भाग. गोष्ट सोलमधल्या, मी राहते त्याच शिनचोन भागातली. मासान शहरातून आलेलं एक कुटुंब कॉलेजची मुलं ठेवून घेतं, राहणं-जेवण सगळं तिथेच. घरमालकीणबाई चार माणसांचा स्वयंपाक करूच शकत नाहीत. करतील तो पंगतीला पुरेल एवढा. आई, तुझीच आठवण येते. मुलं सगळी लांबलांबच्या गावांची, प्रत्येकाची बोली वेगळी. साम्छनफो गावचा एक मुलगा पहिल्या दिवशी सोल स्टेशनवर उतरतो आणि भुयारी रेल्वेत असा काही चुकतो, की जवळच्या शिनचोनला पोचता पोचता दिवस मावळतो. माझी रूममेट हसून लोळली. मला हसू आलं नाही, का ते विचारू नका. त्याला सगळे गावाच्याच नावाने हाक मारतात, आपल्या मेसमध्ये ‘ए बार्शी’ म्हणायचे तसं. पुढे १९९५ मध्ये ते गाव साछनमध्ये विलीन झालं. नकाशावरून नाव गेलं, हाकेत राहिलं.

घडत फार काही नाही. घरची मुलगी ना-जंग योन्से युनिव्हर्सिटीच्या एका बास्केटबॉलपटूपायी वेडी, तिथे राहणारी दुसरी एक सो थेजी या गायकापायी. कमरेला पेजर, हॉलमध्ये एकच फोन. मग १९९७ चं आर्थिक संकट येतं आणि ना-जंगची हातात आलेली नोकरी जाते. पण त्या रात्रीही सगळे जेवायला एकत्रच बसलेले असणार, असं बघणाऱ्याला वाटत राहतं. मला वाटतं लोक त्या टेबलासाठीच बघतात. आणि १९९४ म्हणजे तुमच्या लग्नाचं साल, त्यामुळे मला उगाच ओळखीचं वाटतं.

मुलं त्यात दारू पितात, हे बाबांना आत्ताच सांगते, नंतर कळायला नको. इथे त्याचीही शिस्त आहे. स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नाही, शेजारच्याने ओतायचं. मोठ्यांनी ओतलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरायचा. ग्लास पुरता रिकामा झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही. आणि पिताना मोठ्यांकडे तोंड करायचं नाही, मान वळवायची. मोठा म्हणजे वर्षभराने मोठासुद्धा! आमच्या सरांच्या डावी-उजवीकडचे विरुद्ध दिशांना माना फिरवतात, समोर बसलेल्याला कुठे बघावं ते सुचत नाही. माझ्या ग्लासात सायडर असतं. सायडर म्हणजे इथे लिंबाच्या चवीचा सोडा. बाबा, पुन्हा सांगते, सोडा. तरी मान वळवावीच लागते.

उत्तर कोरियाच्या बातम्या बघणं बंद करा. इथे कोणी त्यावर बोलतसुद्धा नाही. आणि मी बारीक झालेली नाही, फोनचा कॅमेरा तसा आहे. एकटी जेवते असंही नाही, लॅबमध्ये दुपारी सगळे असतात.

पाठवलेले पैसे गच्चीच्या गळतीलाच वापरा, माझ्या नावाने एफडी करू नका. पुढच्या महिन्यात थोडे कमी येतील, खोलीची अनामत वाढली आहे. मला काही कमी पडत नाही. सांगलीच्या स्थळाला ‘कळवतो’ एवढंच म्हणा. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हटलेलं नाही. या सिरियलमध्येही नायिकेचा नवरा कोण हे शेवटाशी येईपर्यंत कळू देत नाहीत, तुम्ही निदान माझी पीएचडी होऊ द्या.

आणि दादाच्या साखरपुड्याला बहुतेक यायला जमणार नाही. तिकीट परवडेल, प्रश्न तो नाही, त्याच आठवड्यात सरांना रिपोर्ट द्यायचाय. होणाऱ्या वहिनीसाठी साडी माझ्याकडून घ्या, चांगली घ्या. व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा फोन कशाला तरी टेकवून ठेवा, आजीच्या हातात नको; मागच्या वेळी मला तासभर पंखाच दिसला. दादाला मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका.

तुमची,
चिनू

ता. क. मेतकूट संपलं. घाई नाही.