सोयाबीन पिवळे का पडते, याचे उत्तर समुद्रातही आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या कृषी पानावर सोयाबीन पिवळे पडण्याविषयी आलेला मजकूर वाचला. चुनखडीची जमीन, लोहाची कमतरता, फेरस सल्फेटची फवारणी हे सगळे बरोबर आहे. खटकले ते एकच वाक्य : ‘अशा जमिनीत लोह नसते.’ परभणी जिल्ह्यात मी 31 वर्षे विज्ञान शिकवले आणि घरची शेतीही चुनखडीचीच, म्हणून हे पत्र.

लोह आपल्या जमिनीत भरपूर आहे. बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यात ते नसेल तर कुठे असेल? पण चुनखडीमुळे सामू (पीएच) आठच्या वर जातो आणि अशा मातीत लोह विरघळत नाही, गंजासारखे बसून राहते. झड लागून वाफसा मोडला, म्हणजे मातीत पाणी तुंबले, की बायकार्बोनेट वाढते आणि मुळांना लोह घेणे आणखी जड जाते. मग कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह पायाशी असून पीक उपाशी, अशी ही गोष्ट आहे.

समुद्राचेही नेमके हेच दुखणे आहे, आणि ते आपल्या वाचकांना सांगायलाच हवे. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1 च्या आसपास असतो. त्यातही लोह विरघळलेले राहत नाही, कण होऊन खाली बसते. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक आहे, तरी लोहाअभावी तिथल्या सूक्ष्म शैवालाची वाढ अडते. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे काम समुद्रातले सूक्ष्म जीव करतात, त्यात बहुतेक एका पेशीचे. त्यांनी ही उपासमार कशी निभावली?

डायटम या एकपेशीय शैवालाचे उदाहरण घ्या. सूर्यप्रकाशातून मिळालेले इलेक्ट्रॉन पुढे पोचवण्याचे काम फेरेडॉक्सिन हे प्रथिन करते आणि त्याला लोहाचे दोन अणू लागतात. लोह आटले की पुष्कळ डायटम त्याच्या जागी फ्लेव्होडॉक्सिन हे दुसरे प्रथिन आणतात. ते बी-2 जीवनसत्त्वापासून बनलेल्या घटकावर चालते, लोहाचा एक अणूही मागत नाही. काम थोडे मंदावते, पण थांबत नाही. लोह पुन्हा मिळाले की पेशी परत फेरेडॉक्सिनकडे वळते. म्हणूनच पाण्याच्या नमुन्यातले फ्लेव्होडॉक्सिन मोजून तिथल्या पेशी लोहासाठी उपाशी आहेत का, हे संशोधक ओळखतात. काही डायटम तर लोह मिळेल तेव्हा फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवून ठेवतात, आपण कणगीत ज्वारी ठेवायचो तसे.

सोयाबीनला हा पर्याय नाही. हरभऱ्याला नाही, भुईमुगालाही नाही. फुले येणाऱ्या वनस्पतींनी फ्लेव्होडॉक्सिनचे जनुक उत्क्रांतीच्या वाटेत गमावले. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी नील-हरित शैवालाकडून ते घेऊन तंबाखूच्या रोपात घातले आणि लोह कमी असतानाही ती रोपे इतरांपेक्षा चांगली वाढली, हे 2007 साली प्रसिद्ध झाले. मी जनुकीय बियाण्याची वकिली करत नाही. बोंडअळीने बीटी कापसाचे काय केले ते मराठवाड्याला माहीत आहे. पण आपल्या पिकात नेमके काय उणे आहे हे समुद्रातल्या पेशीमुळे कळले, ही बातमी आपल्यापर्यंत का पोचू नये?

फॉस्फरसचेही तसेच. खरिपाच्या तोंडावर फॉस्फरस देणाऱ्या डीएपी खतासाठी रांगा लागतात. अटलांटिकच्या काही भागात फॉस्फरसची कायमचीच टंचाई असते. तिथे प्रोक्लोरोकॉकस हा अतिसूक्ष्म जीव आपल्या पेशीच्या पडद्यात फॉस्फरसऐवजी बहुतांशी गंधकाचे मेद वापरतो. गंधक समुद्राच्या पाण्यात हवे तेवढे आहे.

या संशोधनात आपला देशही आहे. 2009 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संशोधकांबरोबर ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात फेरस सल्फेट सोडले, आपण पाठीवरच्या पंपाने मारतो तेच. शैवाल वाढले, पण डायटमना कवचासाठी लागणारी सिलिका त्या पाण्यात कमी असल्याने त्यांना जोर धरता आला नाही. बाकीचे शैवाल बारीक प्राण्यांनी फस्त केले आणि शैवालाने शोषलेला कार्बन फारसा तळाशी गेला नाही. एक उणीव भरली की दुसरी पुढे येते, हे माती परीक्षण करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच पटेल.

वर्गात एका मुलीने मला विचारले होते, “सर, आपल्याकडं समुद्रच नाही, मग हा धडा परीक्षेपुरता वाचला तर चालंल ना?” मी हो म्हणालो. त्या उत्तराचे मला आजही वाईट वाटते. तिच्या वडिलांच्या रानातले सोयाबीन दर पावसाळ्यात पिवळे पडत होते.

आपल्या पानांवर समुद्र येतो तो मान्सून आणि कमी दाबाच्या पट्ट्यापुरता. कृषी पानावर या पेशींना महिन्यातून एकदा तरी जागा द्यावी. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, लिहिणारे मिळतील. आणि ‘लोह नसते’ ही चूक हरभऱ्याच्या पेरणीआधी दुरुस्त करून छापावी. नाहीतर शेतकरी फेरस सल्फेट नुसते मातीत टाकतील आणि तेही तिथेच गंजून बसेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
सेलू, जि. परभणी