पाठीवरच्या पाण्याची नळी धुता का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी ट्रेकला न्यायच्या सामानाची यादी छापून आली होती. त्यात ‘हायड्रेशन पॅक, दोन किंवा तीन लिटरचा’ असं होतं. म्हणजे सॅकमध्ये ठेवायची पाण्याची पिशवी; तिच्या नळीच्या टोकाचा वॉल्व्ह तोंडात धरून चालता चालता पाणी पितात. हा पॅक घेताना काय पाहायचं आणि परत आल्यावर धुवायचा कसा, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता. यंदा पहिल्यांदाच हा पॅक विकत घेणारी कितीतरी मुलं ती यादी हातात धरून दुकानात जातील. म्हणून लिहिते आहे.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून मी ३१ वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यापासून आम्ही सहा मैत्रिणी महिन्यातून एकदा डोंगरात जातो. तीन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. उकाडा फार होता, म्हणून मी पॅकमध्ये लिंबाचं सरबत भरलं. घरी आल्यावर पिशवी दोनदा विसळली आणि सॅकसकट माळ्यावर ठेवली. ऑगस्टमध्ये काढली तेव्हा नळीत आतून काळे ठिपके होते. तोंडात धरायच्या वॉल्व्हची चीर बोटांनी उघडली, तर आत बुळबुळीत थर. तो काचपट्टीवर घेऊन माझ्या जुन्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बुरशीचे धागे आणि यीस्टच्या पेशी ढीगभर दिसल्या. पिशवी वरून अगदी स्वच्छ दिसत होती.

आपल्या घरांत तांब्याला तोंड लावू देत नाहीत, पाणी वरून प्यायचं असतं. माठ रोज घासतात, कारण एक दिवस राहिला तरी आतून बुळबुळीत लागतो. या पॅकमध्ये दोन्ही गोष्टी उलट होतात. वॉल्व्ह दिवसभर तोंडात, म्हणजे कायमचा उष्टा; आणि नळी इतकी अरुंद की हात काय, करंगळीही जात नाही. त्यात साखर गेली की जंतूंना आयतं खाद्य मिळतं. त्यामुळे पॅकमध्ये फक्त पाणी भरावं. सरबत किंवा ओआरएस वेगळ्या बाटलीत न्यावं. आणि ‘एक घोट दे’ म्हणणाऱ्याला आपली नळी देऊ नये, त्याच्या बाटलीत पाणी ओतून द्यावं.

विकत घेताना मी सगळ्यात आधी पिशवीच्या तोंडातून हात आत घालून बघते. बोटं खालच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली तरच ती घ्यायची. वरची सगळी कड उघडून सरकपट्टीने बंद होणाऱ्या पिशव्या या बाबतीत उत्तम. फिरकीच्या झाकणाची पिशवी टाक्यावर मगने भरायला सोपी पडते, पण झाकण लहान असेल तर ती कधीच नीट घासली जात नाही. नळी पिशवीपासून सुटी होणारी हवी, वॉल्व्ह नळीतून ओढून काढता यायला हवा आणि त्यावर टोपण हवं. गडावरच्या देवळात किंवा गुहेत गुरं बसून गेलेली असतात आणि आपण सॅक तिथेच टेकवतो. टोपण नसेल तर शेणात लोळलेला वॉल्व्ह पुन्हा तोंडात जातो. प्लास्टिकचा उग्र वास येणारी स्वस्त पिशवी घेऊ नये. तो वास पाण्याला लागतो आणि मग माणूस पाणी कमी पितो.

आकाराचं म्हणाल तर तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो. तरी मी तीनचीच घेते, कमी लागलं तर कमी भरते. गेल्या मार्चमध्ये साल्हेरला (१५६७ मीटर) वाघांब्याकडून चढताना आमच्यातल्या एकीची दोन लिटरची पिशवी खिंडीच्या वर गेल्यावर अचानक संपली. पिशवी सॅकमध्ये असते, किती उरलं ते दिसत नाही. तेव्हापासून एक लिटरची भरलेली बाटली प्रत्येकीकडे वेगळी असते. नवी पिशवी आणली की भरून, बंद करून रात्रभर रद्दीवर आडवी ठेवावी, वर जाड पुस्तकं ठेवावीत. सकाळी रद्दी ओली असेल तर दुकानात परत.

आता धुणं. ट्रेकवरून आल्या दिवशीच, कितीही थकवा असला तरी. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. उकळतं पाणी ओतू नये, सांधे सुटतात. महिन्यातून एकदा लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून अर्धा तास ठेवायचा, तेच पाणी वॉल्व्ह दाबून नळीतही भरायचं. काहीजण त्यातच लिंबू पिळतात. तसं करू नये: फेस होतो, दोन्हींचा गुण जातो आणि बंद पिशवीत वायू कोंडतो. ब्लीच वापरणाऱ्यांनी तर त्यात लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच मिसळू नये, विषारी क्लोरिन वायू निघतो. मला दातांच्या कवळीसाठी मिळणाऱ्या गोळ्या सोयीच्या वाटतात, औषधाच्या दुकानात मिळतात. नळीचा लांब ब्रश नसेल तर परकरात नाडी ओवतो तशी जाड दोरी ओवायची, तिच्या टोकाला कापडाची चिंधी बांधायची आणि ओढून काढायची. काळे ठिपके तरीही राहिले तर नळी टाकून नवी घ्यावी.

खरी अडचण वाळवण्याची. जुलैत नाशिकलाही कपडे वाळत नाहीत, मग ही पिशवी कुठून वाळणार? नळी एका टोकाला धरून गोफणीसारखी गरगर फिरवली की आतलं पाणी उडून जातं. पिशवी उलटी टांगून आत लाकडी उलथनं उभं ठेवायचं, म्हणजे दोन्ही बाजू चिकटत नाहीत. कडक उन्हात टांगू नये, प्लास्टिक लवकर ठिसूळ होतं. आणि पावसाळाभर आमच्या सहाही जणींच्या पिशव्या धुऊन, निथळून थेट फ्रीझरमध्ये जातात. थंडीने सगळे जंतू मरत नाहीत, पण वाढत नाहीत. बाहेर काढल्यावर एकदा विसळून मगच भरायची.

ट्रेक आयोजित करणाऱ्यांकडे एक विनंती आहे. पॅक भाड्याने देत असाल तर प्रत्येक वेळी वॉल्व्ह नवा द्या. एका पॅकमागे तेवढाच किरकोळ खर्च वाढेल, तो भाड्यात धरा, आम्ही आनंदाने देऊ. आणि संपादक महोदय, पुढच्या यादीत ‘तीन लिटरचा’ या शब्दांनंतर ‘हात आत जाईल असा’ एवढं जरूर छापा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, नाशिक