बंद गोळ्यात एलईडी किती दिवस टिकणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात वीजबिलावर नेहमी काहीतरी येतं, बल्बवर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. "एवढा महागाचा एलईडी, वर्षभर पण टिकला नाही" हे रडगाणं नागपुरात घरोघरी ऐकू येतं आणि लोक कंपनीला शिव्या घालून मोकळे होतात. बरेचदा बल्ब बरा असतो हो, लावलेली जागा चुकीची असते.

गॅलरीत, जिन्यात ते दुधी काचेचे बंद गोळे असतात ना, त्यात जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब निवांत चालायचा कारण तापणं हाच त्याचा धंदा होता. एलईडीच्या बुडाशी मात्र ड्रायव्हरचं, म्हणजे घरची वीज एलईडीला सोसेल अशी करून देणारं सर्किट असतं आणि त्यातला कपॅसिटर नावाचा बारीक भाग गरमीला फार नाजूक, १० डिग्री वाढले की आयुष्य साधारण निम्मं असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे. आता मे महिन्यात बाहेर ४५, वर तापलेला स्लॅब, त्यात गोळा चारी बाजूंनी बंद, मग डब्यावरचे २५ हजार तास कुठून भरणार? बंद फिटिंगमध्ये लावू नका असं काही डब्यांवर लिहिलेलं पण असते, पण अक्षर एवढं बारीक की भिंगच पाहिजे.

त्यात आणखी एक घोळ. फिटिंगवर "मॅक्स ६० वॉट" बघून लोक म्हणतात २० वॉटचा एलईडी आरामात चालेल. तो आकडा फिटिंगच्या तब्येतीसाठी आहे, बल्बच्या नाही! बंद गोळ्यात ५ किंवा ७ वॉटचाच लावा नाहीतर खालून उघडा शेड घ्या.

बर्डीवर दुकानात लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, विचारले तर "तसं काही नसते काका, नऊ वॉट घेऊन जा" असं उत्तर मिळते. असते ना! जुन्या ६० वॉटचा उजेड म्हणजे ८०० लुमेनच्या आसपास, आणि एका वॉटला किती लुमेन ते बीईईच्या (वीजबचत बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) स्टार लेबलवर छापलेलं असते, तेवढं वाचलं तरी दोन ब्रँडमधला फरक कळतो.

रंगाचं म्हणाल तर तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर, मोठा तेवढा पांढरा; उन्हाळ्यात थंड वाटते म्हणून सगळ्या घरात ६५०० केल्विनचा पांढराफेक उजेड करायची आपल्याकडे फॅशनच आहे, खोली त्याने थंड होत नाही, हॉल मात्र दवाखान्यासारखा दिसतो. बसायच्या खोलीत २७०० ते ३००० बरा. स्वयंपाकघरात ४००० चालेल पण सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर बघा, नाहीतर ताजी मेथी पण शिळी दिसते.

उजेड कमी-जास्त करायचा जुना डिमर असेल तर डिमेबल लिहिलेलाच बल्ब घ्या, साधा फडफडतो. बटण बंद करूनही रात्री मिणमिणत असेल तर स्विचमधला इंडिकेटरचा बारीक दिवा तपासायला सांगा, भूतबाधा नाही ती. आणि जाताना जुना बल्ब खिशात न्या, पिनचा, फिरवून बसवायच्या चुडीचा की झुंबरातला बारीक चुडीचा हे दुकानात उभं राहून आठवत नाही.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर