नोकरी सोडण्याआधी एवढं वाच

बेळगाव

प्रिय मित्रा,

नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी करू का, असं विचारलंस. सोड. पण तुळशीचं लग्न होईपर्यंत थांब. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात आणि आपल्याकडच्या फोटोग्राफरचं वर्ष तिथून सुरू होतं. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, पाऊस असतो, हातात पैसा येत नाही. अशा दिवसांत पगार बंद केलास तर गणपती यायच्या आत कॅमेरा विकायचे विचार डोक्यात येतील, आणि चूक तुझी नसताना तुला वाटेल की आपल्याला हे जमत नाही.

लडाख, स्पिती, बनारस अशी यादी तू पाठवलीस. जरूर जा, पण पहिलं वर्ष इथंच काढ. बेळगाव, खानापूर, निपाणी, सौंदत्ती, गोकाक एवढ्याच टापूत. पैसे वाचतील म्हणून सांगत नाही. स्पितीत तू चार दिवसांचा पाहुणा. तिथं उभं राहून जो फोटो निघतो तो तुझ्या आधी हजारोंनी काढलेला असतो. स्वतंत्र फोटोग्राफरला पगार नाही, रजा नाही, पाठीशी कंपनी नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट जास्तीची असते: त्याच गावाला, त्याच दाराशी पुन्हा पुन्हा जायची मोकळीक. ती परक्या मुलखात वापरता येत नाही. इथं येते.

निपाणीचंच घे. पुणे-बंगळूर रस्त्यानं जाणाऱ्याला निपाणी म्हणजे चहाला थांबायचं ठिकाण. गावात शिरलास की तंबाखूचा वास कपड्याला चिकटतो. उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या असतात. उंबऱ्याशी, कारण आत उजेड नसतो. तो दारातला तिरपा उजेड इतका देखणा असतो की नवा माणूस तिथंच गुंततो. अर्धा चेहरा उजळलेला, मागं काळोख, सुरकुत्या, झाला फोटो. तू चेहरा सोड आणि हाताकडे बघ. ओलसर पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरते, चिमूटभर जर्दा पसरला जातो, दोन्ही हातांची बोटं पान वळतात, तोंड दुमडून आत खोचलं जातं, दोऱ्याचा वेढा बसतो आणि दोरा तुटतो. यातलं काहीही करताना बाईची नजर खाली नसते. ती शेजारणीशी बोलत असते, शाळेतून आलेल्या पोराला ओरडत असते. मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून हात थांबत नाहीत. फोटोसाठी "जरा थांबा" म्हणणं म्हणजे तिच्या मजुरीतून आपला फोटो काढणं. मी तिथं शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवतो. बोटं किंचित पुसट होतात, सूप आणि पानांचा गठ्ठा स्थिर राहतो. कामाचा वेग दाखवायला मला तरी याहून बरा उपाय सापडलेला नाही.

आणि त्या घरात दुसऱ्यांदा गेलास की वेगळंच काही निघतं. १९८१ साली याच हमरस्त्यावर तंबाखूच्या दरासाठी शेतकरी ठाण मांडून बसले होते, शरद जोशी पुढं होते, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. चहा घेता घेता "त्या वेळचं काही आठवतं का?" एवढं विचारलं की ट्रंक उघडते. कुणाच्या तरी लग्नातला फोटो, गुळगुळीत झालेली बाजारपट्टी, कधी नुसतीच कुणाची तरी आठवण. पहिल्या भेटीत ही ट्रंक कुणी उघडत नाही.

आता सौंदत्ती. मार्गशीर्ष आणि माघातल्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर जे पिवळं असतं ते तू फोटोत पाहिलं असशील. कोल्हापुराकडून एसट्या भरून माणसं येतात, बैलगाड्याही येतात, "उदो गं आई उदो" चाललेलं असतं आणि भंडारा हवेत उधळलेला असतो. आधी कामाचं सांगतो. डोंगरावर लेन्स बदलू नकोस. हळद झूमच्या कड्यात जाऊन बसली की दुरुस्तीला द्यावा लागतो. पुसायचं नाही, फुंकणीनं उडवायचं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा पिवळा रंग मारून टाकतो आणि माणसं निळसर दिसतात, म्हणून तो उन्हावर बांधून ठेव. पहाटे जोगुळभावीच्या कुंडाजवळ उभा राहा, तिथला उजेड मऊ असतो आणि माणसं अजून दमलेली नसतात.

पण डोंगरावर खरा प्रश्न तांत्रिक नाहीच. बाहेरून आलेले बरेचजण कवड्यांची माळ घातलेली, परडी घेतलेली कुठलीही बाई दिसली की फोटो काढतात आणि खाली "देवदासी" लिहून मोकळे होतात. मुली देवाला सोडायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली. ज्यांना त्या आधी किंवा चोरून सोडलं गेलं त्यांचं आयुष्य या एका शब्दानं किती सोलवटलं गेलंय हे त्यांच्या मुलांना शाळेत कळतं. तुझा फोटो त्या मुलांच्या मोबाइलवर पोचणार आहे, हे धरून चाल. नाव, गाव आणि ती काय करते हे तिला विचारून लिही. ती "नको" म्हणाली तर तो फोटो कितीही चांगला असो, तो नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, तूही ऐकू नकोस.

एका वयस्कर जोगतिणीचा फोटो मी काढला होता, हातात चौंडकं हे तारवाद्य, नजर वर. मला वाटलं नजर छान आली. पुढच्या पुनवेला प्रिंट घेऊन गेलो, तर तिनं तो फोटो बराच वेळ उन्हात धरून पाहिला आणि म्हणाली, "ह्यात तार कुठं हाय?" चौंडक्याची तार कडक उन्हात उडून गेली होती. तिच्या लेखी तो फोटो चौंडक्याचा होता, कारण ते तिला तिच्या गुरूनं दिलेलं. ती स्वतः उठून सावलीत बसली, चौंडकं काखेत घेतलं, तार उजेडाकडे वळवली आणि "आता काढ" म्हणाली. आज माझ्या भिंतीवर लावलेला फोटो तो दुसरा आहे. प्रिंट परत द्यायला जाणं हा माझ्या कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटला काही फार खर्च येत नाही. मोबाइलवर फोटो पाठवला की माणूस अंगठा वर करतो आणि विसरतो. कागद हातात दिला की तो आत जाऊन चष्मा घेऊन येतो.

पावसाचं सांगायचं तर खानापूर तालुका. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी, जांबोटी, तिथून चोर्ल्याकडे उतरणारा घाट. रोपलावणीच्या दिवसांत उजेड दिवसभर एकसारखा असतो, सावलीच पडत नाही. लोक म्हणतात अशा उजेडात फोटो निघत नाहीत, मला उलटं वाटतं. चिखल, हिरवं रोप, वाकलेली पाठ, तिच्यावरचं इरलं, सगळं एकाच पट्टीत बोलतं. मात्र दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून पुन्हा निळे करून घे. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस. तिथल्या बारापेडे गुहांतली राऊटनची वटवाघळं जगात फार थोड्या जागी उरलीत, फ्लॅश घेऊन तिथं जाणं मला पाप वाटतं.

गोकाकचा धबधबा सगळेच काढतात, घटप्रभा जवळजवळ ५२ मीटर खाली पडते. भर पावसात पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं असतं आणि तोच त्याचा खरा रंग. पांढरा शुभ्र करायच्या नादाला लागू नकोस.

देवळांत मात्र घाई करू नये. हलशीच्या भूवराह-नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, म्हणजे दारातून एकच उजेड दोन्हीकडे वाटला जातो. सकाळी एकाची वेळ, दुपारी दुसऱ्याची. देगावचं कमलनारायण बाराव्या शतकात कदंब राणी कमलादेवीनं बांधवून घेतलं, तिथं गर्दी नसते, पूर्ण दिवस बसता येतं. आणि आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन देऊळ), १२०४ सालची, जिच्या छतातून दगडी कमळ उलटं लोंबतं. घरापासून रिक्षानं जाता येईल अशी ही जागा. लहानपणी आपण तिच्या भिंतीवर बसून चिरमुरे खायचो, आठवतं? तेव्हा मान वर केली नव्हती.

भाषेचं. कानडी जेवढी येते तेवढी बोल, लाजू नकोस. खेड्यात शिरल्यावर "ऊटा आतेन्री?" म्हणजे "जेवण झालं का?" एवढं विचारलंस तरी दार उघडतं. १ नोव्हेंबरला या शहरात एकीकडे लाल-पिवळ्या झेंड्यांची राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची सायकल फेरी. मी दोन्हीकडे जातो. माझं घर कुठल्या बाजूचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि मी ते लपवतही नाही. पण मिरवणुकीत नाचणारा कॉलेजातला पोरगा आणि दंडाला काळी फीत बांधलेले म्हातारे काका हे दोघंही या गावचे आहेत, दोघांचे फोटो एकाच हार्डडिस्कवर राहिले पाहिजेत. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते एकत्र बघेल.

आता पैशाचं, कारण तू ते पत्रात विचारलं नाहीस आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. लग्नं घे. कमीपणा मानू नकोस. मांडवात उजेड मिनिटाला बदलतो, माणसं थांबत नाहीत, अक्षता एकदाच पडतात. हाताला जी सवय लागते ती यात्रेत कामाला येते. लग्नाचा पैसा घर चालवतो आणि कॅमेऱ्याचा हप्ता भरतो. त्याखालोखाल होमस्टेवाले, शेतीमालाच्या पाकिटांसाठी लागणारे फोटो, शाळांची संमेलनं. दिवाळी अंक आणि मासिकं नाव देतात, पैसा बेताचा. फोटो विकून देणाऱ्या स्टॉक एजन्सीत फोटो टाकून ठेव, पण त्याच्या भरवशावर दूधवाल्याला शब्द देऊ नकोस.

आणि कागद. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटो काढणारा हाच त्या फोटोचा पहिला मालक, आणि हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. पण तुला पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. ही गोष्ट बहुतेकांना काम हातून गेल्यावर कळते. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधी चार ओळी लिहून सही घे: फोटो कुठं वापरणार, किती काळ, नाव छापणार की नाही, बाकी हक्क कुणाचे. मागच्या वर्षी एका हॉटेलवाल्यांनी माझा पावसाचा फोटो विचारल्याशिवाय कॅलेंडरवर छापला. तो मी कुणाच्या सांगण्यावरून काढलेला नव्हता, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, माझ्याकडे होती, तारीख-वेळ त्यात होती. फाइल दाखवली आणि पैसे मिळाले. रॉ फाइल कधीही कुणाला देऊ नकोस, कधीही पुसू नकोस. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. दुसरं घर म्हणजे आमचं धर, कपाट रिकामं आहे.

कॅमेरा नवा घेऊ नकोस. आहे त्यावर ३५ मिमीची एक आणि ८५ मिमीची एक लेन्स एवढ्यात वर्ष निघतं. पैसे उरले तर प्रिंटला घाल.

काकांना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी पैशाची आहे आणि ती रास्त आहे, म्हणून वरचा पैशाचा भाग त्यांना वाचून दाखव. शंका असली तर मला फोन करायला सांग, रात्री नऊनंतर मी घरीच असतो. मार्गशीर्षाच्या पुनवेला माझ्याबरोबर सौंदत्तीला चल, आदल्या रात्री मुक्कामाला आमच्याकडे ये.

तुझा

ता. क. ड्रोन आणायचा विचार असेल तर थांब. सांब्र्याला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे शहराच्या आसपासचा बराच भाग ड्रोनच्या नकाशावर लाल-पिवळा, म्हणजे बंदीचा किंवा परवानगीचा, आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर जागा तपासल्याशिवाय उडवू नकोस.