ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात यावा

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

पुण्यातील बहुतेक महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची ग्रंथालयाशी ओळख कार्ड, परतीची मुदत आणि दंड एवढ्यावर आटोपते. माहिती कुठे शोधावी, कोणावर कितपत विसंबावे, घेतलेल्या मजकुराचे श्रेय कसे द्यावे, हे त्यांना कोणी शिकवत नाही. आणि पुढे प्रकल्पवहीत आंतरजालावरून उचललेली पाने आढळली की बोल मात्र मुलांनाच लागतो.

पानशेतचेच पाहावे. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले याबद्दल दुमत नाही, पण मृतांचा आकडा ठिकठिकाणी वेगळा आढळतो. ग्रंथालयाच्या तासाला ग्रंथपालाने त्या आठवड्यातली वृत्तपत्रे, चौकशी आयोगाचा अहवाल, पूर पाहिलेल्यांनी मागाहून लिहिलेल्या आठवणी आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा एखादा मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, आणि हे कोणी, केव्हा, कशाच्या आधारे लिहिले, एवढेच विचारावे. वृत्तपत्र घाईत निघालेले असते, आयोगाला नेमून दिलेल्या प्रश्नांचीच चौकट असते; आठवणीत पाणी कुठवर चढले ते डोळ्यांनी पाहिलेले असते, आकडा मात्र ऐकीव असू शकतो. म्हणजे यातले काहीच सरसकट टाकाऊ नाही. कोणता प्रश्न कोणत्या कागदाला विचारायचा, ते कळले पाहिजे. चॅटजीपीटी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ बिनदिक्कत देतो, तेव्हा ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, ते पडताळून पाहण्याची सवयही याच तासाला लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची मांडणी श्रेयांकांवर (क्रेडिटवर) झाली आहे. त्यातला एक श्रेयांक, म्हणजे १५ तास, प्रथम वर्षात यासाठी मिळावा. हे तास सुट्या व्याख्यानांचे नसावेत, चालू प्रकल्पाला जोडलेले असावेत, कारण प्रश्न हाती नसताना शिकलेला शोध टिकत नाही. गुणही बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचणीला न देता, काय, कुठे आणि कसे शोधले याची विद्यार्थ्याने ठेवलेली जी शोधनोंद, तिला द्यावेत. (चाचणी घेणे सोपे, म्हणूनच ती मागितली जाईल.) विद्यापीठ अनुदान आयोगाचे ग्रंथालयांसाठीचे केंद्र असलेल्या इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून अनेक महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि नियतकालिके आजही मिळतात, ती उघडायची कशी, हे मुलांना ठाऊक नसते.

अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाच्या विद्या परिषदेचा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवून त्याचा कारभार एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे सोपवला असेल, तर हा तास घेणार कोण? अनुदानित महाविद्यालयांतील या पदांची मंजुरी शासनाच्या हाती आहे. ती द्यावी, आणि येत्या शैक्षणिक वर्षी पुण्यातील काही महाविद्यालयांत हा उपक्रम सुरू करण्याविषयी विद्यापीठास कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक निवृत्त ग्रंथपाल