‘बिग बॉय’ सर्वांत शक्तिमान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘बिग बॉय’ या अमेरिकी वाफेच्या इंजिनावरील लेख आवडला. मात्र त्याला ‘जगातील सर्वांत शक्तिमान इंजिन’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या ‘ॲलेगेनी’ इंजिनांनी चाचण्यांमध्ये याहून अधिक अश्वशक्ती नोंदवली होती. ‘बिग बॉय’चा जन्म एका विशिष्ट अडचणीतून झाला. युटामधील ऑग्डेनहून वायोमिंगकडे जाताना वॉसॅच पर्वताचा चढ लागतो आणि तेथे मालगाड्यांना जादा इंजिन जोडण्या-सोडण्यात वेळ जाई. तो वाचावा म्हणून युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९४१ मध्ये २० आणि १९४४ मध्ये ५ इंजिने स्केनेक्टडीच्या कारखान्यातून बांधून घेतली. (नाव मात्र कंपनीचे नव्हे; ते कारखान्यातील कुणा कामगाराने खडूने लिहिले होते.)

या २५ पैकी ८ आज शिल्लक आहेत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या ‘टी-१’ वर्गाची ५२ इंजिने होती, त्यांतले एकही उरले नाही. हे पाहता ‘बिग बॉय’ भाग्यवानच. क्रमांक ४०१४ कॅलिफोर्नियातील पोमोना येथे कोरड्या हवेत आणि स्वयंसेवकांच्या निगराणीत अर्धे शतक उभे होते. २०१३ मध्ये कंपनीने ते परत घेतले, वाहनतळावर तात्पुरते रूळ अंथरून बाहेर काढले आणि वायोमिंगमधील शेयेनच्या कार्यशाळेत दुरुस्त करून मे २०१९ मध्ये, अमेरिकेची दोन टोके जोडणाऱ्या पूर्व-पश्चिम रेल्वेमार्गाच्या दीडशेव्या वर्षी, पुन्हा धावते केले.

दुरुस्तीत कोळशाऐवजी तेलाची भट्टी बसवल्याने त्याचे अस्सलपण गेले, अशी तक्रार लेखात आहे. मला ती पटत नाही. युद्धानंतर खुद्द युनियन पॅसिफिकनेच क्रमांक ४००५ तेलावर चालवून पाहिले होते. तो प्रयोग तेव्हा फसला, हा भाग वेगळा. शिवाय आज वाटेत कोळसा भरण्याची व राख काढण्याची सोयच उरलेली नाही, तेव्हा कोळशाचा हट्ट धरला असता तर इंजिन शेडबाहेर पडलेच नसते.

खरी चिंता उरलेल्या सातांची आहे, कारण धावत्या इंजिनाची तपासणी वेळोवेळी करावीच लागते, स्थिर इंजिनाच्या पत्र्याआड गंज निवांत पसरत राहतो. ज्या शेयेनमध्ये ४०१४ ची बडदास्त ठेवली जाते, त्याच गावातील हॉलिडे पार्कमध्ये ४००४ उन्हाबर्फात उघड्यावर उभे आहे. त्यावर निदान छप्पर तरी असावे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ