रक्त ‘पातळ’ होत नाही, आणि ३/१२ म्हणजे तीन डिसेंबर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेसमेकर बसवलेल्या रुग्णांसाठी आपल्या आरोग्यविषयक पानावर अधूनमधून मजकूर येतो. मोबाइल कोणत्या खिशात ठेवावा, बॅटरी किती वर्षे पुरते, ही माहिती त्यात असते आणि ती उपयोगीही पडते. परंतु यंत्र बसवल्यानंतर काही जणांच्या हातात होणाऱ्या रक्ताच्या गाठीविषयी आणि तिच्यावर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांविषयी मराठीत मला फारसे वाचायला मिळाले नाही. ते माझ्याच वाट्याला आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी एस. टी. महामंडळातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास हृदयाचे ठोके मंदावल्यामुळे डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, मला पेसमेकर बसवण्यात आला. टाके वाळले, घरी आलो, आणि विसाव्या दिवशी सकाळी घड्याळाचा पट्टा नेहमीच्या भोकात बसेना. संध्याकाळपर्यंत पंजा निळसर पडला आणि खांद्यावर व छातीवर एरवी कधी न दिसणाऱ्या शिरा फुगून वर आल्या. शेजाऱ्यांनी तिळाच्या तेलाची मालिश सुचवली; मुलीने ती करू दिली नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी डॉपलर सोनोग्राफीत निदान झाले. पेसमेकरची तार ज्या शिरेतून हृदयापर्यंत जाते, त्या शिरेच्या आतल्या अस्तराला ती घासते, रक्ताचा प्रवाह तिथे थोडा अडतो आणि क्वचित तिथेच गाठ धरते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतू शकते.

काही दिवस पोटावर रक्त गोठणे आवरणारी हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शने आणि सोबत त्याच कामाची वॉरफॅरिनची गोळी, असे उपचार सुरू झाले. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर इंग्रजीत गोळीचे नाव आणि पुढे फक्त ‘३/१२’ एवढेच होते. आयुष्यभर मुक्कामी गाड्यांच्या तारखा लिहिणाऱ्या माणसाने त्याचा जो अर्थ लावावा तोच मी लावला आणि तीन डिसेंबरला गोळी थांबवली. वैद्यकीय लिखाणात त्याचा अर्थ बारापैकी तीन, म्हणजे तीन महिने, असा होतो, हे मला दहा दिवसांनी हात पुन्हा सुजल्यावर कळले.

खरे सांगायचे तर थांबवण्याला मी मनातून तयारच होतो. ‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्दच घात करतो. आमच्याकडे पातळ रक्त म्हणजे अंगात ताकद नसणे. म्हणून येणारा-जाणारा बीट, गूळ, खजूर खायला सांगतो आणि गोळी शक्य तितक्या लवकर सोडायला सांगतो. वास्तविक या गोळीने रक्त डाळीच्या पाण्यासारखे होत नाही. जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने यकृतात रक्त गोठवणारे जे घटक तयार होतात, त्यांची निर्मिती ती आवरते आणि त्यामुळे रक्त गोठायला अधिक वेळ लागतो, इतकेच. त्यात गल्लीतल्या एका कंपाउंडरने ‘ही तर उंदराची गोळी’ असे सांगून भर घातली. ते खोटे नाही. वॉरफॅरिन १९४८ पासून उंदरांसाठी विकले जात होते. परंतु १९५४ पासून ते माणसांसाठीही मान्य झाले आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले होते. प्रश्न मात्रेचा आहे, आणि मात्रा ठरते आयएनआर या रक्ततपासणीवरून. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. माझ्यासारख्याचा दोन ते तीनमध्ये राहावा लागतो.

हा आकडा राखणे हीच मोठी कसरत आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडे पालेभाज्यांची भज्जी करतात. त्यानंतरच्या तपासणीत माझा आकडा खाली आला, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘भज्जी किती दिवस खाल्ली?’ मेथी, पालक, हरभऱ्याची कोवळी पाने यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते. ती सोडायची नसतात, पण रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवायचे असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीविषयीही नव्हते. ती दोन दिवस घेतली आणि माझा घोळणा फुटला तो वीस मिनिटे थांबेना.

ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन अशा नव्या गोळ्यांना वारंवार आयएनआर तपासावा लागत नाही. परंतु हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना किंवा संधिवाताच्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप बरीच आकसलेली असणाऱ्यांना त्या चालत नाहीत, त्यामुळे वॉरफॅरिनच्या जातीच्या गोळ्या लागणारे रुग्ण खेड्यापाड्यांत राहणारच. आमच्या भागात रक्त तालुक्याला घेतात आणि अहवाल लातूरहून दुसऱ्या दिवशी येतो. तोवर कालच्याच मात्रेवर माणूस थांबलेला असतो. ही तपासणी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी व्हावी, आणि घरी सोडताना गोळी कशासाठी, कधीपर्यंत, पुढची तपासणी कोणत्या तारखेला आणि कोणत्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, हे मराठीत लिहून द्यावे, एवढी मागणी आपल्या दैनिकामार्फत आरोग्य खात्यापर्यंत पोहोचावी. शिवाय हा गाठीचा उपचार आणि हृदयाची लय बिघडल्यामुळे पक्षाघात टाळण्यासाठी वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी गोळी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही त्यावर असावे. पेसमेकर बसला म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही, आणि आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांनी ती तशी बंद केलेली होती.

माझ्या सध्याच्या कार्डावर गोळी थांबवण्याची तारीख आहे. मी हट्ट धरल्यावर डॉक्टरांनी ती बँकेच्या चेकवर लिहितात तशी, अंकी आणि अक्षरी, मराठीत लिहून दिली.

आपला,
एक निवृत्त एस. टी. कर्मचारी
अहमदपूर, जि. लातूर